शाफ्टचा खांदा आणि अक्कांचं माहेर

बडोद्याच्या फतेगंजातल्या आमच्या स्वयंपाकघरात दोन लाटणी होती आणि दोन सुना. मोठी सून म्हणजे माझी जाऊ, त्यांना मी अक्का म्हणायची. धाकटी मी. अक्का पोळ्या लाटायच्या, मी भाजायची, कारण माझी पोळी गोल होत नसे. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या पोळीला दिशा असतात." आणि गंमत बघा, गोल काढायची नोकरी नेमकी मलाच लागली.

मी एका कारखान्यात ट्रेसर होते. गुजरात वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, बडोद्याच्या बाहेर जिकडेतिकडे कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येकाला नकाशे काढणारी माणसं हवी होती. ड्राफ्ट्समन पेन्सिलीनं नकाशा काढायचा, मी त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून शाईनं तेच गिरवायचं. काय गिरवतेय ते कळायची गरज नव्हती. हात थरथरला नाही म्हणजे झालं. माझं शिक्षण मॅट्रिक, पुढचं लग्नात राहिलं. मामंजी जुन्या राज्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. सून नोकरीला जाते हे त्यांनी चालवून घेतलं होतं एवढंच.

तर त्या वर्षी आमच्या साहेबांनी सांगितलं की ड्राफ्ट्समनची एक जागा भरायची आहे, लेखी परीक्षा घेणार, ट्रेसरपैकी ज्याला बसायचं त्यानं बसावं. मला म्हणाले, "बेन, तमे पण बेसो." मी घरी येऊन सांगितलं. मामंजी वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "बस की. एकदा बसून बघ. झालं तर झालं. नाही झालं तर मात्र नोकरी पुरे, घर बघायचं."

म्हणजे नापास झाले तर पुढच्या जागेची वाट बघणं वगैरे काही नव्हतं. मी मान हलवली. त्या रात्री भांडी विसळताना अक्का म्हणाल्या, "अगं, घाबरतेस काय? संध्याकाळचा स्वयंपाक मी एकटी बघते. तू पुस्तक घेऊन बस."

"अहो अक्का, रोज?"

"रोजच्या रोज. तुझ्या पोळ्या भाजण्यापेक्षा मला एकटीला पटकन होतं."

आमच्या ह्यांनी कॉलेजच्या वाचनालयातून एक इंग्रजी पुस्तक आणून दिलं, यंत्रांच्या भागांची ताकद कशी मोजायची त्याचं. एका बाजूला पुस्तक, एका बाजूला शब्दकोश, अशी मी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी बसायची. तिथे उजेड चांगला होता आणि अक्कांशी बोलताही यायचं. शिकवणारं कुणी नव्हतं. एकेक पान मला दोन-दोन दिवस खायचं.

आता शाफ्टचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शाफ्ट म्हणजे यंत्रातला फिरणारा दांडा. दोन्ही टोकांना बेअरिंगच्या टेकूंवर ठेवलेला, मध्ये त्याच्यावर चाक किंवा पुली, तिचा भार. भार आला की दांडा वाकू बघतो. एखाद्या जागी तो किती वाकू बघतो, ते काढायचं तर टेकूचा जोर घ्यायचा आणि टेकूपासून त्या जागेपर्यंतच्या अंतरानं गुणायचं. याला मोमेंट म्हणतात. भार बरोबर मध्ये असेल तर मोमेंट मध्यावर सगळ्यात जास्त आणि टोकांकडे कमी कमी होत जातो. इथपर्यंत मला आलं आणि मी फार खूश झाले. मध्यावरचा ताण काढला की गणित संपलं, असं मी धरून चालले.

मग पायरीचा शाफ्ट आला. मध्ये जाड, दोन्ही टोकांना बारीक, आणि जाडाचं बारीक होतं तिथे पायरी. तिला कारखान्यात खांदा म्हणत. पुस्तकात आकृती होती. मी ती बघत बसले, काही केल्या डोक्यात शिरेना की मध्यावरचं काढून झाल्यावर हे लोक पुन्हा खांद्यावरचं का काढतात. भार तर मध्ये आहे. मोमेंट मध्ये जास्त आहे. मग खांद्यावर कशाला जायचं?

समोर अक्का पोळी लाटत होत्या. मी मान वर केली आणि बघतच राहिले. लाटणं मध्ये जाड, दोन मुठी बारीक. अक्कांचे हात मुठींवर, पोळीचा जोर मध्ये. उलटं धरलं तर हाच माझा शाफ्ट.

"अक्का, मागच्या वर्षी सासूबाईंचं लाटणं कुठे तुटलं होतं?"

"कुठे म्हणजे? इथेच, ओट्यावर."

"तसं नाही हो. लाटण्यावर कुठे?"

त्यांनी लाटणं उचलून मुठीच्या मुळाशी बोट ठेवलं. "इथे. का? आता माझ्या लाटण्यावरही गणित करणार का?"

केलं मी. पुस्तकातल्या आकड्यांवर केलं. मधला व्यास सहा सेंटिमीटर, टोकांचा चार. बेअरिंगमधलं अंतर ऐंशी, मध्ये चारशे किलोचा भार, म्हणजे प्रत्येक टेकूवर दोनशे. खांदा टेकूपासून वीस सेंटिमीटरवर. मध्यावर मोमेंट आठ हजार, खांद्यावर त्याच्या निम्मा, चार हजार. पण ताण काढताना व्यासाचा घन खाली येतो. सहाचा घन दोनशे सोळा आणि चारचा फक्त चौसष्ट. तेव्हा मध्यावर ताण आला पावणेचारशेच्या आसपास आणि खांद्यावर साडेसहाशेला टेकला. मोमेंट निम्मा, ताण दीडपटीच्या वर. त्यात खांद्याचा कोपरा धारदार कापला असेल तर आणखी वाढतो, म्हणून तिथे थोडी गोलाई ठेवायची. मी अक्कांना हे सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं कळलं. आता पोळपाट धुऊन टाक."

इतका आनंद मला पुढे क्वचितच झाला. म्हणून तर तो आनंद आठवला की लगेच पुढचंही आठवतं.

गौरींच्या आधी दोन-तीन दिवस अक्कांचा मावसभाऊ आला. अक्कांचं माहेर इंदूरचं. तो द्वारकेला निघाला होता, बडोद्याला गाडी बदलायची होती, मधल्या वेळात टांगा करून घरी आला. अक्कांच्या आईनं शेव पाठवली होती, भला मोठा डबा, आणि गौरीसाठी खण. सासूबाई, मामंजी समोर बसलेले, मी चहा घेऊन उभी. मामंजींनी विचारलं, "व्याहीणबाईंची तब्येत कशी आहे?"

"मावशीचं आपलं नरमगरम चालू असतं," तो म्हणाला. "ताईला सवड होईल तेव्हा येऊन जावं. घाई काही नाही."

हे तो बशीकडे बघून म्हणाला.

आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल. माहेरची माणसं सासरच्या बैठकीत बसून मुलीला पाठवा असं म्हणत नाहीत. त्यातून सणासुदीचे दिवस. 'सवडीनं यावं' एवढंच म्हणायचं, ऐकणाऱ्यानं ओळखायचं. आणि ऐकणारे आम्ही सगळे मराठी, चांगले जुन्या वळणाचे, तरी एकानंही ओळखलं नाही. मामंजी म्हणाले, "मग गौरी झाल्या की जाऊन ये." झालं, विषय संपला.

तो निघाला, टांग्यात बसला आणि पुन्हा खाली उतरला. अक्का फाटकाशी होत्या, मी त्यांच्या मागे. म्हणाला, "ताई, शेव संपली की डबा कुणाबरोबर पाठवू नकोस. तूच घेऊन ये." मग गेला.

मी ते ऐकलं. त्याच आठवड्यात मी शिकले होते की भार दिसतो एकीकडे आणि तुटतं दुसरीकडे. तरी मला काही कळलं नाही. पुस्तकातलं पुस्तकातच राहिलं.

गौरी आल्या. आमच्याकडे मोठी सून ज्येष्ठेला आणायची, धाकटी कनिष्ठेला, दोघींनी मिळून उंबरठ्यातून आत यायचं. तेव्हा गौरींपर्यंत अक्का जाऊ शकत नव्हत्या हे खरं. पण गौरी गेल्यावर जाऊ शकत होत्या. माझी परीक्षा त्याच्या पुढच्या आठवड्यात होती. विसर्जनाच्या संध्याकाळी आम्ही दोघी मोरीत भांडी घासत होतो. अक्का म्हणाल्या, "आता तुझी परीक्षा होऊन जाऊ दे. मग मी इंदूरला जाऊन येते."

मी म्हणाले, "नको अक्का, तुम्ही जा. मी बघेन काहीतरी."

"छे गं. मी गेले तर तुझ्या हातात पुस्तक राहील का? घाई नाही म्हणाला ना तो."

मी म्हणाले, "बरं."

एवढंच झालं. आमचे हे नंतर कितीदा म्हणाले की यात तुझं काय चुकलं, तू जा म्हणालीस, त्यांनीच नको म्हटलं. कुणालाही विचारा, हेच सांगेल. खुद्द अक्काही हेच सांगतात. माझ्यावर बोट ठेवता येईल अशी जागाच कुठे नाही. पण सासूबाईंनी आम्हाला पंगतीत वाढायला शिकवलं तेव्हा पहिलाच धडा दिला होता, "पहिला नको पोटाचा नसतो, रीतीचा असतो." पाहुणा नको म्हणाला तरी पुन्हा विचारायचं, तिसऱ्यांदा विचारायचं, मग ताटावर हात आडवा आला तर थांबायचं. आदल्याच दिवशी गौरीच्या जेवणाला मी एकेका सवाष्णीला पुरणपोळीचा तीनतीनदा आग्रह केला होता. आणि अक्कांना माहेरी जा म्हणून एकदाच म्हणाले. त्यांचा तो नको कुठला होता, ते मी तपासलं नाही, कारण मला तो नको हवा होता. घरात सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे, हिची परीक्षा, हिचं वाचन, हिला चहा द्या. भार सगळ्यांना माझ्यावरच दिसत होता.

परीक्षा झाली. शेवटचं गणित पायरीच्या शाफ्टचंच होतं. शेजारच्या टेबलावरचा ट्रेसर मध्यावरचा ताण काढून, खाली दोन रेघा मारून, पेन बंद करून बसला. मला लाटण्याच्या मुठीवरचं अक्कांचं बोट दिसत होतं. मी खांद्यावरचा ताण काढला, कोपऱ्याला गोलाई किती ठेवावी तेही लिहिलं, आणि सयाजीगंजात बसमधून उतरून घरी अक्षरशः पळत आले.

अक्का ट्रंक भरत होत्या. दुसऱ्या दिवशीची गाडी होती. पलंगावर शेवेचा रिकामा डबा घासून, पुसून ठेवलेला. मला बघून म्हणाल्या, "आलं का लाटणं?"

"आलं."

"मग पास तू. हे बघ, सासूबाईंचं औषध या फळीवर आहे."

त्याच दिवशी दिवेलागणीला तार आली. अक्कांच्या आईला पक्षाघाताचा झटका आला होता. अक्का ठरलेल्या गाडीनंच गेल्या, त्याआधी दुसरी गाडीच नव्हती. रतलामला उतरून पुढे छोट्या गाडीनं इंदूर. पोहोचल्या तेव्हा आईची वाचा गेलेली होती.

महिन्याभरानं त्या परत आल्या. मी टांग्यातून ट्रंक उतरवून घेतली, तोंड वर करायची हिंमत नव्हती. अक्कांनी चपला काढता काढता विचारलं, "निकाल काय लागला?"

मला रडू आलं. त्यांना वाटलं नापास झाले. म्हणाल्या, "जाऊ दे गं, मामंजींचं मी बघते."

"पास झाले अक्का."

"मग रडतेस कशाला? वेडी." आणि मग ट्रंकेवर बसून म्हणाल्या, "आईनं मला ओळखलं. हात धरून होती. बोलली नाही काही. तिला काहीतरी सांगायचं होतं, ओठ हलायचे. मी म्हणायची, कळलं गं आई, कळलं. मला काय कळणार?"

मावसभावानं सांगितलं म्हणे, की झटका येईपर्यंत ती रोज बोलत होती. ताई येईल, ताईशी बोलायचंय, असं. हे अक्कांनी मला त्या दिवशी नाही सांगितलं, पुष्कळ दिवसांनी शेवया वाळत घालताना सहज सांगितलं. आपण काय सांगतोय, कुणाला सांगतोय, याचा त्यांच्या मनात काही हिशोब नव्हता. माझ्या हातातली परात मात्र जड झाली. दिवाळीनंतर त्यांची आई गेली.

मी ड्राफ्ट्समन झाले. पुढे बरीच वर्षं नकाशे काढले. माझ्या हातून शाफ्टचा एकही खांदा धारदार गेला नाही. गरजेपेक्षा मोठीच गोलाई द्यायची मी. साहेब चिडवायचे, "बेन, तमारा शाफ्टना खभा बहु गोळ छे." खभा म्हणजे खांदे. त्यांना वाटायचं सवय. मी हसून चालवून घ्यायची. प्रत्येक पगारवाढीला घरात पेढे आले की पहिला पेढा अक्कांच्या हातावर ठेवायची, आणि त्या म्हणायच्या, "आधी देवापुढे ठेव गं." मी दर दोन वर्षांनी इंदूरला जा म्हणून त्यांच्या मागे लागायची, तिकीट काढून आणायची. त्या जायच्याही. पण ज्या घरात आई बोलायला नाही त्या घरी तिकीट काढून देण्यात काय मोठेपणा.

वर्षं गेली. मामंजी, सासूबाई गेले, मग आमची दोघींची माणसंही. मुलं लांब. फतेगंजातलं घर सोडून आम्ही दोघी जावा वासण्याला तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. शेजारच्या गुजराती बायका विचारायच्या, "तमे बे बेनो छो?" अक्का म्हणायच्या, "हा, बेनो ज."

माझे गुडघे तोवर कामातून गेले होते. एकाचं ऑपरेशन ठरलं. अक्कांनी सगळी तयारी मनात आखली, गरम पाणी कुणी द्यायचं, व्यायाम कुणी करून घ्यायचे. आणि ऑपरेशनच्या आधी थोडे दिवस इंदूरहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. अक्कांना कमी ऐकू यायचं म्हणून फोन मोठ्या आवाजात ठेवलेला, मी समोर मेथी निवडत होते. बहीण म्हणाली, "छातीत जरा दुखतं, डॉक्टर बघतायत. तू काळजी करू नकोस. सवडीनं ये, घाई काही नाही."

माझ्या हातातली मेथी खाली पडली.

अक्का फोन ठेवून म्हणाल्या, "तुझा गुडघा होऊन जाऊ दे. मग जाऊन येते."

"अक्का, तुम्ही उद्या जा."

"आणि तुझं ऑपरेशन?"

"ते पुढे ढकलते, नाहीतर बाई ठेवते. तुम्ही जा."

"अगं, घाई नाही म्हणाली ती."

"म्हणूनच जा म्हणते. अक्का, मी तिसऱ्यांदा सांगतेय. जा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही त्या मोरीतल्या बोलण्याबद्दल कधी बोललो नव्हतो. मीच विचारलं मग, "तेव्हा मी पुन्हा म्हटलं असतं, तर गेला असता का हो?"

त्यांना 'तेव्हा' म्हणजे कधी, ते विचारावं लागलं नाही. पडलेली मेथी वेचत वेचत म्हणाल्या, "गेले असते."

मी मेथीची जुडी पुढे ओढली.

"आणि तू नापास झाली असतीस, आणि मामंजींनी तुला घरी बसवलं असतं, आणि तू मला आयुष्यभर दिशा असलेल्या पोळ्या खायला घातल्या असत्यास. त्यापेक्षा हे बरं झालं." मग म्हणाल्या, "बरं झालं असं नाही. पण झालं."

एवढं खरं उत्तर मला दुसऱ्या कुणी दिलं नसतं. मला वाटलं होतं, ऐकलं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसतं कळलं, की जे मला वाटत होतं ते बरोबर होतं.

अक्का गेल्या. मी थेपले बांधून दिले, त्यांच्या मते जाड. बहिणीला दवाखान्यात ठेवलं, नळी का काय घातली, ती वाचली. अक्का तिच्याजवळ राहिल्या. फोनवर त्यांचा घसा बसलेला असायचा. "काय करतो म्हणून काय विचारतेस, दोघी दिवसभर बोलतो. आईच्या लुगड्यांवरूनसुद्धा भांडून झालं." ते ऐकून मी एकटीच हसायची.

माझं ऑपरेशन त्या मुदतीतच उरकलं. अक्कांना मुद्दाम कळवलं नाही, घरी आल्यावर सांगितलं. सेवेला बाई होती, चांगली होती, पण हात जड. व्यायामाच्या वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. फोनवर अक्कांनी विचारलं, "कसं आहे?"

"छान आहे. तुम्ही आरामात राहा. घाई काही नाही, सवडीनं या."



"कळलं," अक्का म्हणाल्या. "उद्याची गाडी बघते."

"नको अक्का, खरंच नको. मला काही होत नाहीये. बहिणीजवळ राहा, यायला नको."

"तीनदा नको म्हणालीस. म्हणजे फारच दुखतंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दाराशी थांबली. अक्का उतरल्या, हातात पिशवी आणि शेवेचा डबा. चपला काढता काढता त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि बाईला म्हणाल्या, "उशी इथे नाही गं, इथे," आणि बोटानं जागा दाखवली. मी पलंगावर पडून बघत होते. पुन्हा माझ्याचसाठी त्या बोलणं अर्धं सोडून आल्या होत्या, आणि मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटली.